मनिरामच्या दाढेची मुळं

खेमराज कापगतेला भित्रा म्हणायची मोहाटोल्यात कोणाची टाप नव्हती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अस्वल आडवं आलं तर हा नुसता खाकरायचा, वाट बदलायची ती अस्वलानंच. पाण्याच्या बारीवरून भावकी कुऱ्हाडी घेऊन आली तरी हा फावड्यावर हनुवटी टेकवून त्यांना आधी पोटभर बोलून घेऊ द्यायचा. असा माणूस २००७ सालच्या भादव्यात एका दाढेपुढे गळपटला. डाव्या बाजूची, वरची, अगदी शेवटची. अक्कलदाढ म्हणतात ती. ती ठणकायला लागली आणि खेमराजनं पंधरा दिवस ही गोष्ट बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, दाढ कोणाची दुखत नाही? दुखते की. पण खेमराजला एकच डोळा होता. उजवा गेला शहाण्णवच्या मळणीत. धानाचं कूस उडून बुबुळात घुसलं, यानं दुपट्ट्याच्या टोकानं चोळलं, आठ दिवस आज-उद्या केलं आणि बुबुळावर पांढरा टिक्का बसला तो कायमचाच. राहिला डावा. आणि दुखणारी दाढ बरोब्बर त्याच्या खाली. वरच्या दाढेची मुळं डोळ्याच्या नसेला जाऊन भिडतात, दाढ उपटली की डोळा जातो, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं ते घडताना पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, हातभारही लावला होता.

एकोणऐंशी सालची गोष्ट. तेव्हा त्याचा बाप मनिराम गावचा पाणकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती सोडायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. गावानं एकदा नेमला की त्याच्या शब्दावर वरची कचेरी नाही. तर या मनिरामचं डोकं एका संध्याकाळी डावीकडून असं उठलं की बाबा भिंतीला टकरा घेऊ लागला. कपाळ, डोळा, गाल, जबडा, अख्खी बाजू. वर ओकाऱ्या. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजारात चिंचेखाली केशोराव न्हावी बसायचा. दाढी-कटिंग करायचा आणि कोणी म्हटलंच तर दाढही काढून द्यायचा. मनिराम त्याच्यासमोर बसला आणि म्हणाला, "काढ." केशोरावनं विचारलं, कोणती? मनिरामनं सगळ्या गालावरून हात फिरवला, मग वरच्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं. केशोराव तोंडात वाकून पाहत काहीतरी बोलला. मनिराम त्याच्यावर खेकसला. एकोणीस वर्षांचा खेमराज मागे गुडघ्यावर बसून बापाचं डोकं दोन्ही हातांनी धरून होता. केशोराव काय बोलला ते त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही.

दाढ निघाली. चौथ्या दिवशी मनिरामचा डावा डोळा गेला. दोन वर्षांनी उजवाही गेला. मग काय, गावाचा निकाल लागलेलाच होता. केशोरावनं मूळ ओढलं आणि मुळासंगं डोळ्याची नस ओढली. त्याच्या चिमट्यापुढे परत कोणी तोंड उघडलं नाही. कापगत्यांच्या घरातला एकही पुरुष त्याच्या वस्तऱ्याखाली बसला नाही. खेमराज अठ्ठावीस वर्षं केस कापायला अर्जुनीला जात होता, आणि चिंचेजवळून जायची वेळ आली तर मान दुसरीकडे वळवत होता. आंधळा मनिराम चौदा वर्षं पाळीवर बसून पाण्याच्या आवाजावरून पोराला पाणी शिकवत राहिला आणि तसाच गेला.

हे सगळं ज्याच्या डोक्यात, त्याची दाढ ठणकली की तो काय करणार? गप्प बसणार. खेमराज उजव्या गालानं चावू लागला, पाणी कोमट करून पिऊ लागला आणि सकाळी उठल्याबरोबर आधी डोळा उघडून आढ्याचे बांबू मोजू लागला. अकरा. अकरा दिसले की मग अंथरूण सोडायचं.

बायको चंद्रकांता, तिच्यापासून काय लपतं?

"पुष्पाचे बाबू, तुमी एकाच गालानं काऊन जेवून राह्यले?"

"असंच."

"असंच कोनी सुजलं तोंड घेऊन फिरत नाई. दाढ दुखते ना?"

खेमराजनं ताट सारलं आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "काढाची नाई. सांगून ठेवतो. मेलो तरी दाढ काढाची नाई."

तिनं मग रुक्माबाईला बोलावलं. रुक्माबाई दाढेतला किडा धुरानं काढायची. विस्तवावर कसलंसं बी टाकून वर पोकळ नळी धरली, खेमराजनं तोंडात धूर घेतला, डोळ्यातून नाकातून पाणी आलं आणि पाण्याच्या वाडग्यात दोन पांढरे किडे तरंगले. ते किडे तोंडातले की बियांतले हे रुक्माबाईला ठाऊक. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दाढ होती तिथंच होती.

आणि दाढेपेक्षा त्याला भेव होतं ते वरच्या दुखण्याचं. सकाळी काही नाही. दिवस कलला, अंधारून आलं की डाव्या भुवईच्या वर जडजड व्हायचं, डोळ्याच्या मागून कोणी अंगठ्यानं दाबतंय असं वाटायचं. झोप लागली की थांबायचं. मूळ वर चाललंय, दुसरं काय, असं त्यानं मनाशी धरलं. ओली जागा पाहून मुळी जाते, ती जाऊन जाऊन डोळ्यात शिरणार. हे तो कोणाशी बोलायचा नाही, पण पाळीवर एकटा बसला की उजव्या हातानं पांढरा डोळा झाकायचा, मग डावा झाकायचा, आणि अंधार झाला की हात घाईनं काढून घ्यायचा.

त्यात वर्षभर त्याची एक फजिती चालली होती, तीही सांगून टाकतो. चांदाला खळं पडलं, म्हणजे भोवती रिंगण दिसलं, की दोन दिवसांत पाऊस, हा पाणकराचा जुना आडाखा. मनिरामचा तर त्यावर मोठा नावलौकिक होता. खेमराजला गेल्या पावसाळ्यापासून रिंगणं फार दिसू लागली. दिसलं की तो तुडुम बंद ठेवायचा. तुडुम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं तोंड. वरून पाऊस येतच आहे तर तलाव कायले रिता करायचा? पण पाऊस यायचा नाही. तीन वेळा असं झालं. खालच्या बांध्यांना भेगा पडल्या, लोकांनी शिव्या घातल्या. हिरालाल नावाचा एक वाह्यात माणूस तर रोज संध्याकाळी ओरडून विचारायचा, "खेमराजभाऊ, आज रिंगन आहे का गा?" आणि खेमराज वर पाहून खरं तेच सांगायचा. आहे. बाकी कोणाला दिसायचं नाही. लोक हसायचे, तोही ओशाळून हसायचा आणि घरी यायचा.

मुलगी पुष्पांजली गोंदियाला शिकायला होती. तिनं आईकडून ऐकलं आणि दिवाळीच्या आधी बापाला सरळ दम भरला. बापानं लेकीला एकच अट घातली. दाढ काढायची नाही, नुसती दाखवायची.

दाताच्या डॉक्टर रश्मी. गोंदियाच्याच, तिशीच्या आतल्या, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणाऱ्या. खेमराज खुर्चीत असा बसला की दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले, पाय ताठ.

"काका, डरो मत. तोंड उघडा. अरे वा, खर्रा-तंबाखू नाही खात वाटतं? इथे अर्ध्या लोकांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही."

तिनं आरशानं पाहिलं, टकटक करून पाहिलं, मग बोटाएवढी फिल्म आत ठेवून फोटो काढला. ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ती सांगू लागली. "ही तुमची अक्कलदाढ. इथे सडली आहे. सड आतल्या नसेला जाऊन भिडली. आणि ही वर गेलेली दिसतात ती मुळं."

खेमराजनं डोळा बारीक करून पाहिलं. "आनि डोरा कुठं आहे यात?"

"डोळा? डोळा कुठून येणार, काका? तो किती वर राहिला."

"मुळं तं वरतच जाऊन राह्यली."

तिनं नखानं दाखवलं. मूळ इथे संपलं. मग हाड. मग गालाच्या आतली हवेची पोकळी. मग परत हाड. तेव्हा कुठे डोळ्याची खोबण. खेमराजनं मान डोलावली, पण पटलं काहीच नाही. फोटोत मुळाचं टोक धुरकट होत होत नाहीसं झालं होतं. पाणकराला असल्या गोष्टी शिकवू नये. पाळीखालचा झिरपा वरून दिसेनासा होतो म्हणून संपत नाही, तो शंभर हातांवर कोणाच्यातरी परसात निघतो.

"काढून टाकू," डॉक्टर म्हणाल्या. "वरची अक्कलदाढ काढणं सोपं असतं. पाच मिनिटांचं काम."

एवढं ऐकलं आणि खेमराज गळ्यातल्या कागदी फडक्यासकट उठला. दाराबाहेर, जिन्यावर. चपला आतच. चंद्रकांतानं जिन्याच्या खालच्या पायरीवर त्याला गाठलं आणि आडवी उभी राहिली. लोक पाहत होते. गाव ज्याच्या शब्दावर पाणी घेतं तो माणूस अनवाणी जिन्यात उभा होता. "मी त्याचं डोकं धरलं होतं," तो तिला म्हणाला. "बापाचं. ह्या हातानं. मले माहीत आहे काय होते ते."

तिनं त्याला ओढत वर आणलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "काढू नोका, बाई. दुसरं काई असन तं करा."

दुसरं होतं, पण डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. अक्कलदाढेचं रूट कॅनल शक्यतो कोणी करत नाही, त्यांनी सांगितलं. एक तर ती इतकी मागे. आणि तिच्या पोटात काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. कोणाला तीन मुळं, कोणाची सगळी चिकटून एकच, कोणाला चार. आतल्या नळ्यांचं तर विचारूच नका. कुठे वळतील, कुठे फाटा फुटेल, कुठे दोन मिळून एक होतील, काही भरवसा नाही. पुस्तकात छापलेला नकाशा या दाढेला लागू नाही. "करते मी. पण जमलं नाही तर मला बोल लावायचा नाही."

नकाशा नसलेली पाण्याची नहर म्हटल्यावर खेमराजला पहिल्यांदा ही बाई ओळखीचं काहीतरी बोलतेय असं वाटलं. तो परत खुर्चीत बसला.

सुईनं गाल बधिर झाला. मग घरघर. मग त्या बारीक बारीक केसासारख्या सुया. प्रत्येक सुईला एक रबराची चकती, मुळाच्या पुढे जाऊ नये म्हणून मापून बसवलेली. डॉक्टर एक सुई आत घालायच्या, फिरवायच्या, काढायच्या. दर वेळी सुई वर चढायला लागली की खेमराजचा श्वास अडकायचा. त्यानं डावा डोळा सताड उघडा ठेवला होता आणि तोंडावरच्या दिव्याकडे एकटक पाहत होता. दिसतो. अजून दिसतो. अजून दिसतो. दिव्याभोवती रिंगण होतं, पण ते तर हल्ली असायचंच. पाणी डोळ्यातून कानात उतरत होतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का? त्यानं मान हलवून नाही म्हटलं. दुखत नव्हतंच. त्याला नुसतं भेव वाटत होतं.

तीन नळ्या सापडल्या. साफ करून आत औषध, वरून भोक बुजवायला पांढरी तात्पुरती लांबी. आठ दिवसांनी या.

गार पाण्याची कळ गेली, सूज उतरली. पण संध्याकाळचं दुखणं होतं तसंच. खेमराजनं आठ दिवस विचार केला आणि पुढल्या खेपेला खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, "एक राह्यली, बाई."

"काय?"

"नळी. एक राह्यली. पानी थांबलं नाई."

डॉक्टर हसल्या, पण शोधल्याशिवाय राहिल्या नाहीत. अर्धा तास खोदून खोदून बघितलं आणि एकदम थांबल्या. निघाली. चौथी. मोठ्या नळीच्या बाजूला, सुई जेमतेम शिरेल अशी. त्यांनी हात मागे घेऊन खेमराजकडे पाहिलं. "काका, मान गये. तुम्हाला कसं कळलं?"

बाईला कौतुक वाटत होतं. खेमराजनं मात्र खुर्चीचे दांडे परत घट्ट धरले. कारण तीन नळ्या दाढेच्या, हे त्यानं मान्य केलं होतं. मग ही चौथी कुठे जाते? फोटोत दिसली नाही, शोधूनही लवकर सापडली नाही, इतकी चोरून चाललेली नळी आणखी कुठे जाणार? आणि बाईनं आता तिच्यातही औषध भरलं.

तिसऱ्या दिवशी आभाळ दाटून आलं. दुपारपासून अंधारं, त्यात वीज गेलेली. चंद्रकांतानं कंदील लावला आणि खेमराजला कंदिलाभोवती रिंगण दिसलं. लाल, पिवळं, निळं. ते पाहतो न पाहतो तोच दुखणं आलं. भुवईत, कपाळात, गालात, दाढेत, अख्ख्या बाजूला. तो अंगणात जाऊन ओकला. परत ओकला. आणि ओकता ओकता त्याला बापाचं ते ओकणं आठवलं, आवाजासकट. औषध चढलं डोळ्यात. चौथ्या नळीनं चढलं. आता तिथं तुंबून राहिलंय आणि डोळा फोडणार.

पाणी पाळीला लागलं की पाळ फुटायच्या आधी तुडुम उघडायचं, ही बापानं दिलेली पहिली शिकवण. खेमराजनं चंद्रकांताची गोधडी शिवायची सुई घेतली, चुलीसमोर बसला आणि बोटानं चाचपून दाढेवरची पांढरी लांबी उकरू लागला. चंद्रकांता म्हणाली, "काय करून राह्यले? अजी, काय करून राह्यले?" त्यानं तिचा हात झटकला. हिरडीतून रक्त आलं, जिभेला कडू औषध लागलं, लांबीचा खडा तळहातावर पडला. तो वाट पाहत बसला. आता उतरेल. आता उतरेल. काही उतरलं नाही.

उजाडलं तेव्हा त्यानं डोळा उघडला आणि आढं शोधलं. बांबू नव्हते. पांढरं होतं सगळं, धुक्यासारखं. त्यानं पुन्हा डोळा मिटून उघडला. अकरा नाही, एकसुद्धा नाही. चंद्रकांता समोर आली तर नुसता एक काळसर आकार. "मी गेलो वो," तो हळूच म्हणाला. ते ऐकून तिनं रडायचं तेवढं पदरात रडून घेतलं आणि त्याच्या पायात चपला घातल्या.

गाडीत तो तिच्या दंडाला धरून बसला होता. चौदा वर्षं असाच बाप त्याच्या दंडाला धरून पाळीवर यायचा. त्या मुठीचा दाब खेमराजला अजून आठवत होता, आणि आता तोच दाब आपण बायकोला देतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मूठ सैल करायला पाहिली. होईना. गोंदिया आलं ते त्याला चहावाल्यांच्या आवाजावरून कळलं.

डॉक्टर रश्मी आधी भडकल्या. लांबी कोणी काढली? सुईनं? डोकं ठिकाणावर आहे का? मग त्यांचं लक्ष डोळ्याकडे गेलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. डोळा लालभडक, बुबुळावर वाफ धरल्यासारखी.

"काका, एक सांगा. दिव्याभोवती रंगीत गोल दिसत होते का तुम्हाला?"

 दाढेचं विचारायचं सोडून ही बाई दिव्याचं काय विचारते, हेच खेमराजला कळेना. चंद्रकांता म्हणाली, "यायले तं वर्षभर चांदाले रिंगन दिसून राह्यलं, बाई. पाऊस येते म्हनतात. सारं गाव हासते यायले."

खुर्चीवर एक पेशंट तोंडात कापूस धरून बसली होती. तिला तशीच ठेवून डॉक्टर रश्मी खेमराजला हाताला धरून जिना उतरल्या आणि दोन गल्ल्या पलीकडच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे रांग मोडून आत घेऊन गेल्या.

तिथं सलाइन लागलं, गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंबावर थेंब. डोळ्याचा डॉक्टर म्हातारा होता, बोलताना घाई करायचा नाही. काचबिंदू, तो म्हणाला. डोळ्याच्या आत पाणी असतं, ते सारखं तयार होतं आणि एका कोपऱ्यातून निघून जातं. तुमचा तो कोपरा जन्मतः अरुंद. अंधार पडला की आणखी आवळतो. आतापर्यंत थोडं थोडं अडून मोकळं होत होतं, म्हणून रिंगणं दिसत होती. काल पूर्ण बंद झाला. पाणी तुंबलं, दाब वाढला.

खेमराज पडल्या पडल्या ऐकत होता. "मी तुडुम उघडलं, जी," तो म्हणाला. "पन दुसऱ्याच तलावाचं."

"दाढेचा यात काही हात नाही. दाढ सडली होती ती वेगळी. उलट या डोळ्याचं दुखणं गालात, दाढेत उतरतं. लोक चांगल्या दाढा काढून घेतात आणि डोळा राहून जातो." मग त्यानं कागद ओढून विचारलं, "घरात कोणाला असं झालं होतं?"

 मनिरामला रिंगणं दिसायची. डोळा जायच्या आधीच्या दोन वर्षांत तर रोज दिसायची, आणि तरी पाऊस चुकायचा, ते लोक मोठ्या माणसाच्या मानापोटी बोलून दाखवत नसत. "माह्या बापाले," खेमराज म्हणाला.

संध्याकाळी धुकं विरळ झालं. आधी खिडकीचे गज दिसले, मग चंद्रकांताच्या नाकातली चमकी. तो तिच्या चमकीकडे पाहत राहिला आणि ढसाढसा रडला. पुढं नागपूरला लेसरनं डोळ्यात पाण्याला नवी वाट करून दिली. डोळा राहिला. डावीकडची कड मात्र गेली ती गेली, त्या बाजूनं कोणी आलं तर एकदम अंगावर आल्यासारखं वाटायचं. पुष्पांजलीला तपासलं, तिचाही कोपरा अरुंदच निघाला. तिचं वेळेवर कळलं, पण त्या दिवसापासून खेमराज फोनवर आधी लेकीला दिव्याचं विचारायचा, मग जेवणाचं. दाढेच्या चारी नळ्या डॉक्टर रश्मींनी नीट भरून दिल्या. ती दाढ अजून त्याच्या तोंडात आहे.

गावी परतल्यावरच्या पहिल्या बाजाराला खेमराज चिंचेखाली गेला. केशोराव सत्तरी ओलांडलेला, पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. गिऱ्हाईक नव्हतं. खेमराज समोरच्या पोत्यावर बसला तसे शेजारचे भाजीवाले बोलायचे थांबले. त्यानं जे डॉक्टरनं सांगितलं ते सगळं सांगितलं. दाढेचं नाही, डोळ्याचं होतं, बापाचंही तेच होतं.  ऐकून झाल्यावर केशोरावनं पेटीचा खालचा कप्पा उघडला, वस्तऱ्यांच्या खालून एक चिंधी काढली आणि सोडली. आत पिवळी पडलेली एक दाढ होती.

"तीन मुळं," केशोराव म्हणाला. "तिनही साबूत. टोकंसुदिक मोडली नाई. मूळ तुटून वर राह्यलं बी म्हनत होते काई लोक, म्हनून ठेवली होती दाखवाले. कोनी पाह्यले आलं नाई."

खेमराजनं दाढ हातात घेतली, उजवीकडे धरून फिरवून फिरवून पाहिली. तीन मुळं, खाली थोडी एकमेकांकडे वाकलेली. वर कुठं कीड नाही, खड्डा नाही, काळा ठिपका नाही.

"मी बी मंग तसंच समजत गेलो," केशोराव म्हणाला. "इतके लोक म्हनतात तं माह्याच हातानं झालं असन." मग त्यानं विचारलं, "मी तुह्या बापाले म्हनलं होतं, दाढ किडली नाई दिसत म्हनून. तू डोकं धरून होता. तुले आयकू आलं नाई का गा?"

बाजार चालू होता. कोणीतरी वांग्यांचा भाव करत होतं. खेमराजला अशी लाज वाटली की दाढ धरलेली मूठ त्याला उघडता येईना.

"आयकू आलं होतं, केशोमामा," तो म्हणाला.

 केशोरावनं वाटीत पाणी ओतलं, ब्रशवर साबण घेतला. खेमराजनं दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि हनुवटी वर केली. म्हाताऱ्याचा हात डावीकडून आला तेव्हा खेमराजला तो दिसला नाही. गालाला गार साबण लागला आणि तो दचकला, पण बसून राहिला.